आडवी बाटली

वार्षिकांकासाठी मी वाइनवर लिहिणार आहे हे कळताच मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. वर्गातल्या एका विनोदी गृहस्थाने तर "अंकासोबत नमुनाही मिळणार का?" अशी चौकशी केली. दोन्ही पक्षांचे आभार मानून सुरुवात करते.

आधी माझ्या आईविषयी सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातले देशी दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चित्राला मत दिले, तर दुकान बंद होते. आई डोक्यावर पदर घेऊन रांगेत सर्वांत पुढे उभी होती. शेजारच्या काकूंचे मंगळसूत्र त्याच दुकानाच्या पायी गेले होते आणि पाठोपाठ काकाही गेले. तेव्हा बाटली या वस्तूबद्दल आमच्या घराचे मत काय, ते वेगळे सांगायला नको. त्या घरातली मुलगी हे लिहिते आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

गेल्या फेब्रुवारीत मी निफाड तालुक्यात मामांकडे गेले होते. मामांची बाग मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांची, थॉमसनची. पण दोन एकर त्यांनी जवळच्या एका लहान वाइनरीसाठी लावले आहे. पहाटे चारला त्यांनी मला उठवले. ही द्राक्षे उन्हे चढण्याआधी, गार असतानाच काढावी लागतात. बॅटरीच्या उजेडात मी पहिला घड हातात घेतला आणि माझी निराशाच झाली. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. बाजारात असला माल कुणी हातात धरणार नाही. मामा हसले. म्हणाले, "पोरी, थॉमसनला आम्ही जीए मारून फुगवतो. ह्याला उपाशी ठेवतो."

ते खरेच होते. वेलीवर ठरावीक घड ठेवून बाकीचे कोवळेपणीच पाडून टाकतात. पाणीही हात राखून देतात. खाण्याच्या द्राक्षात साखरेचा अंश सोळा-अठरा ब्रिक्स भरला की माल निघतो; इथे बावीस-चोविसाची वाट पाहतात. लहानपणापासून मी शेतीविषयी एकच मंत्र ऐकत आले आहे: एकरी उतारा वाढवा. कृषी मेळाव्यात तोच, रेडिओवर तोच, खताच्या पोत्यावरही तोच. मुद्दाम कमी पिकवणारा आणि त्याबद्दल चार पैसे जास्त मागणारा शेतकरी मी त्या पहाटे प्रथमच पाहिला.

दुपारी वाइनरीत गेलो. एक पत्र्याची शेड, स्टीलच्या टाक्या आणि मळलेल्या बुटांतला मालक. माझे वय तेवीस असल्याने कायद्याची अडचण नव्हती. दारूबंदीच्या जुन्या कायद्यानुसार पिण्यालाही परवाना लागतो, तो एका दिवसाचा तिथेच फाडला. (दारूबंदीच्या कायद्याने दिलेला पिण्याचा परवाना हा एका स्वतंत्र विनोदी लेखाचा विषय आहे.) मालकाने दोन पेल्यांत दोन-दोन घोट ओतले. दोन्ही शेनिन ब्लाँ याच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांचे आणि एकाच वर्षाचे. एक विहिरीकाठच्या काळ्या रानातले, दुसरे वरच्या मुरमाड उतारावरचे. पहिले मऊ, पिकल्या पेरूच्या वासाचे. दुसऱ्याला कैरीच्या सालीची धार होती, आणि आवळा खाऊन पाणी प्यावे तशी मागाहून येणारी गोडी. वर वास्तविक साखर नावालाही उरलेली नव्हती. दोन रानांत अंतर किती? हाक मारली तर ऐकू जाईल एवढे. जमिनीला चव असते हे वाक्य मी पुस्तकात वाचले असते तर कवीची हौस म्हणून सोडून दिले असते.

मागच्या खोलीत शेकडो बाटल्या ठेवल्या होत्या, सगळ्या आडव्या! बूच ओले राहावे, वाळून आत हवा शिरू नये म्हणून त्या तशाच ठेवतात. मला आईची आठवण झाली आणि हसू आवरेना. मालकाला कारण सांगितले, तेव्हा मात्र तो हसला नाही. "त्यांचं बरोबर आहे," एवढेच म्हणाला.

एका बाटलीवर वाइनरीच्या नावाखाली मामांच्या गावाचे नाव छापलेले होते. माझा सगळा मुद्दा त्या एका ओळीत आहे.

आमच्या फुलंब्री तालुक्यात आले उत्तम पिकते. वडील दरवर्षी लावतात. गोण्या भरल्या की व्यापाऱ्याची गाडी येते, हातात पट्टी पडते आणि माल निनावी होतो. दिल्लीच्या चहात उकळणारे आले कोणत्या गावचे, कोणत्या रानातले, हे कुणाला ठाऊक नसते आणि कुणी विचारतही नाही. मग ज्याने जीव लावून पिकवले आणि ज्याने कसेही उरकले, त्या दोघांचा भाव एकच. ही काही केवळ आपलीच कहाणी नव्हे. फ्रान्समधल्या बर्गंडीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक शेतकरी आपली वाइन पिंपांनी व्यापाऱ्याला विकत. व्यापारी ती हवी तशी मिसळून स्वतःच्या नावाने खपवी. व्होल्ने गावचे मार्की दांजरव्हिल, न्युई-सें-जॉर्जचे आंरी गूज अशा काही मंडळींनी १९२० ते ३० च्या सुमारास या लबाडीविरुद्ध आवाज उठवला आणि बाटल्या आपल्याच घरी भरायला घेतल्या. व्यापारी अर्थातच रुसले. पण १९३५ मध्ये गावाच्या नावाला संरक्षण देणारा कायदा तिथे झाला, आणि आज त्या चिमुकल्या गावांची नावे जगभर घेतली जातात.

आपल्याकडे गावांना नावलौकिक नव्हता असे थोडेच आहे? चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात व वर्षातून दोनदा पीक येते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. (आज एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोड्या बहराची, अशा दोन छाटण्या करून आपण पीक एकच घेतो.) जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चांगलेच झाले. पण मानांकन जिल्ह्याचे असते. चव रानाची असते आणि कष्ट माणसाचे.

लहान वाइनरींचे सगळे आलबेल आहे असेही नाही. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष-प्रक्रिया धोरण आले, विंचूरला वाइन पार्क झाले, आणि जो तो वाइनच्या बागा लावू लागला. २००८ नंतरच्या मंदीत कित्येक वाइनरी बसल्या, शेतकऱ्यांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. मामांचेही एका कंपनीकडे पैसे अडकले, ते अडकलेच. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय केला. त्यावर एवढे वादळ उठले की तो अमलात आला नाही. शेतकऱ्याचे भले होईल असे समर्थक म्हणत होते. माझे मत विचाराल तर तो निर्णय बारगळला हे बरे झाले. त्या फळीवर जागा मिळवायची ऐपत मोठ्यांची. मळलेल्या बुटांच्या मालकाला तिथे कोण उभे करणार? त्याला हवा आहे तो स्वतःच्या दारात विक्रीचा सुटसुटीत परवाना, आणि दोन पेल्यांतला फरक ओळखणारे गिऱ्हाईक.

काही प्राध्यापक म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. किंमत पाहता ते खोटे नाही. दोन घोटांपलीकडे मलाही परवडले नसते. वाइनमध्ये मद्यार्क बारा-तेरा टक्के आणि देशीत त्याच्या तिपटीहून अधिक, हा हिशेब मी आईला ऐकवून पाहिला. ती म्हणाली, "काकूंना सांग जा." मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

येताना मामांनी एक रिकामी बाटली धुऊन दिली होती. आईने ती हातात घेतली, चष्मा लावला आणि माहेरच्या गावाचे नाव दोनदा वाचले.

"भावाला काय भाव दिला त्यांनी?"

मी सांगितला. थॉमसनपेक्षा तो किती जास्त, हे तिने मनातल्या मनात ताडले असावे. मग बाटली माझ्या हातात देत म्हणाली, "माळ्यावर ठेव. कुणी बघेल."