मोजमापाची वही कुणाच्या हाती?

सार्वजनिक कामांवरील देखरेख आणि मूल्यमापन यांचा विषय निघाला की सरकारी दप्तरातून एक ठराविक उत्तर येते: कर्मचाऱ्यांची मनोवृत्ती बदलली पाहिजे. तपासणी म्हटली की कारकून कागद दडवतो, अभियंता टाळाटाळ करतो, अशी ही तक्रार. ती सर्वस्वी खोटी नाही. पण हे निदान राज्यकर्त्यांच्या सोयीचे आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मूल्यमापनाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५२ साली समाजविकास योजना सुरू झाली, त्याच वर्षी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. काम करणाऱ्या खात्याहून निराळ्या यंत्रणेने त्याची पाहणी करावी, हे तत्त्व रास्तच होते. परंतु पाहणीचा प्रवाह खालून वर, दिल्लीकडे वाहत होता. ज्याच्या घामावर रस्ता वा बंधारा उभा राहिला, त्या मजुराला त्या कामाचा हजेरीपट पाहण्याचा हक्क नव्हता.

हा हक्क राजस्थानातील कष्टकऱ्यांनी मागितला. डिसेंबर १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट आणि बिले भर सभेत वाचली गेली. कधीच न झालेल्या कामांवरील खर्च उघडा पडला. तेव्हा ग्रामसेवकांनी दप्तर दाखवण्याविरुद्ध संप पुकारला. सरकारी लेखापरीक्षण आम्हांला मान्य आहे, लोकांनी केलेले नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेत लुटीतील भागीदारी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढेच होते काय? ग्रामसेवक हा शासनयंत्रणेच्या उतरंडीतील अगदी खालचा माणूस. कागदावर सही त्याची असते. ती करण्यासाठी वरून आलेला तोंडी हुकूम मात्र कोणत्याही कागदावर नसतो. चौकशी लागली की निलंबन त्याचे होते. कंत्राटदार आणि त्याचा पाठीराखा पुढारी नामानिराळे राहतात. प्रत्येक तपासणी आपल्यापाशीच येऊन थांबणार हे ज्याला ठाऊक आहे, तो वही उघडी कशी ठेवील?

सरकारला यावर उपाय सुचला तो यंत्राचा. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाइल अॅपद्वारे दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. जिथे नेटवर्क नाही तिथे राबलेल्या बाईची मजुरी बुडू लागली, आणि बोलणी खावी लागली ती मुकादमाला. लुटारूंना मात्र वाट सापडली. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्रांची छायाचित्रे चढवली जात असल्याचे केंद्रीय मंत्रालयालाच जुलै २०२५ मधील परिपत्रकात मान्य करावे लागले. अविश्वासावर उभारलेली देखरेख प्रामाणिकाला जाचते आणि लबाडाला शिकवते.

आणि मोजमापाची भीती केवळ खालच्यांनाच वाटते काय? महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने दाखवले की दशकभरात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली प्रकल्पांतील गैरप्रकार लेखी मांडले. म्हणजे सत्य सांगणारा कर्मचारी याच यंत्रणेत होता. सरकारने काय धडा घेतला? पुढील अनेक वर्षांच्या पाहण्यांत सिंचित क्षेत्राच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे छापून आले. कारकुनाने वही दडवली तर ती मनोवृत्ती. शासनाने आकडाच दडवला तर त्याला काय म्हणावे?

तेव्हा प्रश्न मनोवृत्तीचा नसून, मोजमाप कुणाच्या हाती आणि कुणाविरुद्ध, हा आहे. अविभक्त आंध्र प्रदेशात २००६ पासून सामाजिक लेखापरीक्षणात मजूर कुटुंबांतील तरुणांनीच नोंदी घरोघरी पडताळल्या आणि ग्रामसभेपुढे वाचल्या. काम करणाऱ्यांनाच कामाची तपासणी जमते, हे त्यातून सिद्ध झाले.

संघटित कर्मचाऱ्यांनी येथे पुढाकार घ्यायला हवा. कंत्राटाच्या अटी आणि मोजमापाच्या नोंदी कामाच्या जागीच जाहीर व्हाव्यात. खरी नोंद करणाऱ्याला संरक्षण मिळावे. चौकशी सही करणाऱ्यापाशी न थांबता मंजुरी देणाऱ्यापर्यंत जावी: या मागण्या वेतनवाढीच्या मागणीइतक्याच युनियनच्या आहेत. सभासदावर अन्याय होऊ न देणे हे युनियनचे कर्तव्यच आहे. दप्तराला कुलूप घालणे हे नव्हे. त्या कुलपाआड अखेर सुरक्षित राहतो तो कंत्राटदार. मजुराच्या रोषाला सामोरा जातो तो मात्र त्याच्याच गावातला, त्याच्यासारखाच पगारावर जगणारा कर्मचारी. वही उघडली, तर हे दोघे एका बाजूला उभे राहू शकतात.