बंपरलाही सीएनजीचा न्याय द्या

पत्रीपूल ओलांडून शिळफाट्याकडे सरकणाऱ्या वाहनांच्या रांगेत मधूनच एखादी एमएच-05 पासिंगची जुनी लॅन्सर किंवा होंडा सिटी दिसते. पुढचा बंपर जमिनीपासून जेमतेम वीतभर, दारांखाली साइड स्कर्ट, डिकीवर स्पॉयलर. शेजारच्या शेअर रिक्षातले प्रवासी वळून बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात: पैसा जास्त झालाय. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत बॉडी किट लावणाऱ्यावरचे आरोप ठरलेले आहेत. हा नुसता थाट आहे, धोकादायक आहे आणि कायद्याने गुन्हा आहे. यातला पहिला आरोप अज्ञानातून येतो, दुसरा अर्धा खरा आहे आणि तिसऱ्याबद्दल सरकारशीच बोलायला हवे.

जपानी गाड्यांना ही अंगकाठी शर्यतीने दिली. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरला शर्यतीचे रुंद टायर बसवायचे होते, म्हणून तिच्या चाकांवर जादा फेंडर आले. 1973 च्या जीटी-आरला तर ते कारखान्यातूनच लागून आले. मित्सुबिशीने 1992 मध्ये रॅलीसाठी लॅन्सर इव्होल्यूशन (इव्हो) काढली आणि टॉमी मॅकिननने 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षे या गाड्यांवर जागतिक रॅली विजेतेपद जिंकले. तिच्या बंपरमधली ती मोठाली तोंडे शोभेची नाहीत, त्यांतून टर्बोच्या इंटरकूलरला गार हवा मिळते. हिंदुस्तान मोटर्सने 1998 पासून तमिळनाडूत तिरुवळ्ळूरला जी लॅन्सर बनवली, ती त्या वर्षांतल्या इव्होच्याच पिढीची. डोंबिवलीतला एखादा मुलगा तिला इव्होचा बंपर बसवतो, तेव्हा तो तिला तिच्याच थोरल्या बहिणीचा दागिना घालत असतो.

हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे घोडबंदर रोडवर 40 च्या वेगाने रखडणाऱ्या गाडीचा स्पॉयलर जवळपास काहीच करत नाही, हे मान्य करायलाच हवे. पण समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि तिथे वेगाची मर्यादा 120 आहे. त्या वेगाला तोच जोर नऊ पट होतो. शिवाय निव्वळ देखणेपणासाठी कुणी किट लावले, तर त्यात वाईट काय? ट्रकच्या मागे मोर रंगवून घेणाऱ्याला कुणी उपयोग विचारत नाही.

धोक्याचा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. त्यासाठी किटचे फायबरचे काम जवळून पाहावे लागते. आधी साच्याला मेण चोळतात, त्यावर जेलकोटचा हात देतात. मग काचतंतूची मॅट अंथरून हार्डनर मिसळलेले रेझिन तिला ब्रशने पाजतात आणि रोलर फिरवून एकेक बुडबुडा बाहेर काढतात. त्या उग्र वासात, घाई न करता, कारागीर कोपऱ्याकोपऱ्यात बोटाने मॅट दाबत राहतो, कारण बुडबुडा राहिला की तिथे पुढे तडा जाणार हे त्याला ठाऊक असते. साच्यातून निघालेल्या तुकड्याला लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा आणि शेवटी रंग. असे काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला दाद द्यावी लागते.

बिघडते ते यानंतर, बसवताना. कंपनीचा बंपर प्लास्टिकचा असतो, दाबला तर लवतो, फायबर तडकतो. मूळ बंपरच्या आत धडक झेलणारा लोखंडी बीम असतो. स्वस्तातले किट मापात बसत नाही, म्हणून काही गॅरेजांत तो बीमच काढून टाकतात आणि नवा बंपर चार स्क्रूंवर लटकवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. आपल्याकडचे कित्येक गतिरोधक म्हणजे डांबराचे वरवंटे. त्यावर किंवा पावसाळ्यातल्या खड्ड्यात बंपरची लिप, म्हणजे खालची कड, आपटून तुटली, की तो तुकडा मागच्या दुचाकीस्वाराच्या चाकाखाली येतो. बीम काढणारा गॅरेजवाला आणि ते चालवून घेणारा मालक, दोघेही दोषी आहेत. शौक म्हणून त्यांना पाठीशी घालता येणार नाही. बंपरपुढे लावलेल्या क्रॅशगार्डवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना सांगितले, तेही योग्यच होते. पण बीम जागेवर आहे का, बोल्ट मूळ जागी बसलेत का, कडा धारदार आहेत का, हे सगळे तपासता येते. जे तपासता येते त्यावर सरसकट बंदी कशासाठी?

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाने करू नये. केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मारुतीच्या शोरूममध्ये मात्र स्विफ्टला स्पॉयलर आणि साइड स्कर्ट अधिकृत ॲक्सेसरी म्हणून बसवून मिळतात. तसाच तुकडा गॅरेजमध्ये नीट बसवून घेणाऱ्याने नाक्यावर हवालदारासमोर काय दाखवायचे? त्याच्यासाठी कागदच नाही.

कागद देण्याची रीत आपल्याला नवी नाही. ठाणे-कल्याणच्या रस्त्यांवर पेट्रोलच्या कितीतरी गाड्या सीएनजीवर धावतात. मागच्या सीटमागे 200 बार दाबाची टाकी बसवायची, हा बदल कुठल्याही स्कर्टपेक्षा मोठा. तरी तो कायदेशीर आहे, कारण किट एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेने तपासलेले असते, ते अधिकृत ठिकाणी बसवले जाते, आरटीओ आरसीवर तशी नोंद करते आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी होते. एआरएआय 1966 पासून पुण्यात आहे, म्हणजे तपासणारे आपल्या दाराशीच आहेत.

जपाननेही हाच मार्ग धरला. तिथेही गाडीत बदल करण्याचे नियम जाचक होते. ते 1995 मध्ये सैल केले. ठरावीक सुटे भाग लावून लांबीत 3, रुंदीत 2 आणि उंचीत 4 सेंटिमीटरपर्यंत फरक पडला, तर नव्याने नोंद लागत नाही. गाडी त्याहून रुंद केली तर तपासणीला न्यायची आणि नवी मापे कागदावर चढवायची. पुढे दर दोन वर्षांनी शाकेन नावाच्या सक्तीच्या तपासणीला उभे राहायचेच.

कल्याणच्या आरटीओत हे उद्या करता येईल इतके साधे आहे. किटच्या आतल्या बाजूला फायबरमध्येच मंजुरीचा क्रमांक आणि बनवणाऱ्याची खूण, बसवणाऱ्या गॅरेजचा परवाना, बीम आणि बोल्ट उघडून दाखवल्यावर आरसीवर एक ओळ. खाली गुडघे टेकून टेपने जमिनीपासूनचे अंतर मोजायला निरीक्षकाला पाच मिनिटे लागतील.