वाचणारे हवेत!

बँकेत असताना अंगठा उठवणाऱ्या कर्जदाराला कागद मोठ्याने वाचून दाखवावे लागत. निवृत्तीनंतर कंधारच्या घरी आता मी ‘श्यामची आई’ वाचतो आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतो. पहिली श्रोती माझी आई. काचबिंदूने तिची दृष्टी गेली. निजामी राजवटीत ती शाळेत गेलीच नाही; मराठी ग्रंथ तिला भेटले ते ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांच्या पोथीवाचनातून, म्हणजे कानांनीच.

आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांना खुले होते. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांची पुस्तके वाचून फुकट वाटायला आज कुणाची परवानगी लागत नाही. ‘लिब्रिव्हॉक्स’वर जगभरचे हौशी वाचक २००५ पासून हेच करीत आहेत. दृष्टिहीनांसाठी तर २०१२ च्या दुरुस्तीने हक्क शिल्लक असलेली पुस्तकेही ध्वनिमुद्रित करण्याची मुभा दिली आहे.

मग अडते कुठे? आवाजापाशी. ‘आमचं कंधारी बोलणं चालंल का?’ असे चांगले वाचणारे निवृत्त शिक्षकही विचारतात. का चालू नये? ऐकणाराही इथलाच आहे! तालुक्याच्या ग्रंथालयाने वर्षाला एक पुस्तक हाती घ्यावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवून चुका धराव्यात. एवढ्याने भागेल.

माझी चूक मात्र आईनेच धरली. म्हणाली, ‘घाई करू नको रे बाबा, हे काय बँकेचे कागद हायेत?’