भाड्याच्या खोल्या बांधायच्यात? मग आधी प्लॉट बघू नका



"सर, चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या तर?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. कारण मला समजतं. आपल्या जिल्ह्यात मल्टिस्टेटमध्ये पैसे अडकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे विटा-सिमेंटात घातलेला पैसा निदान डोळ्यासमोर राहतो असं वाटणं साहजिक आहे. त्यात 17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि प्लॉटच्या एजंटांना बोलायला नवा विषय मिळाला. जो तो स्टेशनचं अंतर सांगून भाव वाढवतोय.

माझं मत सरळ आहे. भाड्याच्या खोल्या हा चांगला जोडधंदा आहे, पण आपल्याकडे तो नवा प्लॉट आणि मोठं कर्ज घेऊन सुरू करू नये. पहिल्या खोल्या स्वतःच्या घरावर किंवा घराशेजारच्या मोकळ्या जागेत बांधाव्यात.

हिशोब करू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. प्लॉट 15 लाख, बांधकाम 25 लाख. एकूण 40 लाख. त्यातले 20 लाख कर्ज, 10 टक्के व्याज, 15 वर्षं. हप्ता बसतो साधारण 21,500 रुपये. चार खोल्या, प्रत्येकी 4,000 भाडं. वर्षात एक महिना खोली रिकामी राहणारच, म्हणून 11 महिने धरा. 1,76,000 आले. घरपट्टी, टँकर, मोटार, रंग, नळ-संडासाची दुरुस्ती मिळून 30,000 गेले. उरले 1,46,000. आणि वर्षाचे हप्ते? 2,58,000 च्या आसपास. म्हणजे दर महिन्याला 9,300 रुपये तुम्ही खिशातून घालताय.

हे 9,300 कुठून येतात? दुकानातून. दिवाळीचा माल कमी भरला जातो, उधारीवर घेतला जातो, व्यापारी भाव वाढवून लावतो. खोल्या उभ्या राहतात आणि दुकान सुकतं. कर्ज नसलं तरी 40 लाखांवर 1,46,000 म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या वर थोडंसं. बँकेची साधी मुदत ठेव याहून जास्त देते राव.

"पण सर, जागेचा भाव वाढतो ना?" वाढेलही. पण वाढलेल्या भावातून या महिन्याचा हप्ता भरता येत नाही, जागा विकल्यावरच तो पैसा हातात येतो. जागेच्या भावावर पैसे लावायचे असतील तर तसं म्हणून लावा, त्याला भाड्याचा धंदा म्हणू नका.

आता दुसरा हिशोब. घर स्वतःचं आहे, वर 900 चौरस फुटांत तीन खोल्या काढता येतात. 1,600 च्या दराने 14 लाख 40 हजार. यातले 8 लाख कर्ज, 10 टक्के, 10 वर्षं. हप्ता 10,600 च्या आत. 12,000 भाडं 11 महिने, खर्च 22,000, उरले 1,10,000. खिशातून महिन्याला चौदाशे-पंधराशे रुपये जातात. हे छोट्या दुकानदाराला झेपतं. मात्र खालचे कॉलम वरचा मजला पेलतील का हे गवंड्याला नाही, इंजिनिअरला विचारा. नगर परिषदेची परवानगीही घ्या, नाहीतर बँक कर्जासाठी उभं करणार नाही. आणि जिना बाहेरून काढा, रोजची कटकट वाचते.

गिऱ्हाईक कोण हे विटा यायच्या आधी ठरवा. लातूरला क्लासेसमुळे खोल्या भरतात, ते बघून कुणी आपल्या तालुक्याच्या गावात तसंच बांधतो. अहो, आपलीच पोरं शिकायला लातूरला जातात! अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज आहे, तिथे विद्यार्थी, नर्स, दवाखान्यातला स्टाफ हे कायमचं गिऱ्हाईक. बाकी ठिकाणी शिक्षक, बँकवाले, आणि पोरांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेली कुटुंबं. कुटुंबाला स्वतंत्र संडास आणि पाणी हवं, रंगीत फरशी नसली तरी चालते.

पाण्याचं तर वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात टँकर बोलावण्याची वेळ येते, म्हणून टाकी मोठी बांधा आणि टँकरचा खर्च कुणाचा हे खोली देतानाच ठरवा. विजेचं मीटर प्रत्येक खोलीला महावितरणकडून वेगळं घ्या. चार घरं एकाच मीटरवर टाकली की युनिट वरच्या टप्प्यात जातात, दर वाढतो आणि मग दर महिन्याला भांडण.

कागदाबद्दल मी कडक आहे. बाँडवर घेतलेल्या एक-दोन गुंठ्यांवर बांधकाम करू नका. बाँड म्हणजे खरेदीखत नव्हे. एनए आदेश, मंजूर लेआउट, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव, यातलं एक जरी अडलं तरी थांबा. गुंठेवारीतली जागा असेल तर ती नियमित झाल्याचा कागद आधी बघा.

भाडेकरूशी करारही असाच. "11 महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" असं सगळे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू जे म्हणेल ते आधी धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोड्या खर्चासाठी हे अंगावर घेऊ नका.

अजून एक, काहींना आवडणार नाही. आपल्याकडे खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतात. गेल्या दोन-तीन वर्षांत तर जास्तच. दुकानात गिऱ्हाइकाची जात विचारून माल देता का? मग खोलीला का विचारता? ते चूक आहेच, आणि धंदा म्हणून बघितलं तरी दर नकारामागे एक रिकामा महिना ओढवून घेताय. नोकरी विचारा, आधीच्या घरमालकाला फोन लावा, ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या.

करार ऑनलाइन कसा नोंदवायचा हे पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या गावातल्या तीन घरमालकांना भेटा आणि एकच विचारा: मागच्या वर्षी खोली किती महिने रिकामी होती? आकडा कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट.