सामना पाहावा, गावही पाहावे!

परदेश प्रवास ही मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी दहा दिवसांत सात देश पाहून आलेल्यांचे चाळीत कौतुक होत असे. आता घरातला पंधरा वर्षांचा मुलगा जेवताना निराळाच हट्ट धरतो : युरोपला जायचेच असेल, तर फुटबॉलचा एक तरी सामना पाहायचा! आजोबांच्या कपाळावर आठी उमटते. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी एवढा खर्च? काटकसरीने साठवलेली पुंजी एका चेंडूमागे उधळायची?

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. पण नातवाचा हट्टही केवळ पोरकटपणा म्हणून झटकून टाकावा असा नाही. नीट आखणी केली, तर एका सामन्याभोवती गुंफलेला प्रवास बसच्या खिडकीतून पाहिलेल्या सात देशांपेक्षा अधिक देऊन जातो. मात्र सामना कोणाचा आणि कशासाठी पाहायचा, याचा विचार आधी व्हायला हवा.

बहुतेक घरांत आखणी सुरू होते ती एखाद्या नामांकित खेळाडूपासून. पहिली चूक होते ती येथेच. खेळाडू जायबंदी होतो, राखीव बाकावर बसतो, क्लब सोडूनही जातो. लिओनेल मेस्सी म्हणजेच बार्सिलोना असे समीकरण जगभर रूढ झाले होते; २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो पॅरिसच्या क्लबात दाखल झाला आणि ते समीकरण एका आठवड्यात पुसले गेले. व्यक्तीभोवती आखलेला बेत व्यक्तीबरोबर कोसळतो. संस्थेभोवती आणि गावाभोवती आखलेला बेत टिकतो.

उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातील बिल्बाओ हे शहर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पोलाद आणि जहाजबांधणी यांवर वाढलेल्या या शहरात इंग्रज कामगारांनी आणि इंग्लंडहून शिकून परतलेल्या स्थानिक तरुणांनी फुटबॉल आणला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या येथील अ‍ॅथलेटिक क्लबने शतकाहून अधिक काळ एक व्रत पाळले आहे : बास्क भूमीत जन्मलेला किंवा तेथेच खेळाडू म्हणून घडलेला तरुणच संघात घ्यायचा. पैसा फेकून जगभरचे खेळाडू विकत घेण्याच्या काळात हा हटवादीपणा वाटेल. तरीही स्पॅनिश लीगच्या वरच्या श्रेणीतून हा क्लब एकदाही खाली घसरलेला नाही. हा मान त्याच्याखेरीज केवळ रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांनाच लाभला आहे. क्लबची मालकीही कोणा धनिकाकडे नाही, ती सभासदांकडे आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर राजाचा चषक पुन्हा गावात आला, तेव्हा खेळाडू जुन्या मालवाहू तराफ्यावरून नदीतून निघाले आणि दोन्ही तीरांवर सारे गाव लोटले. त्या संघातील विल्यम्स बंधूंचे आई-वडील घानाहून आलेले. मुले मात्र याच मातीत घडली. आपलेपणा जोपासावा, पण त्याचे कुंपण करू नये, हे घरातल्या मुलांना पुस्तकाविना समजावणारा धडा याहून कोणता?

अर्थात भावनेने तिकीट मिळत नाही. त्यासाठी व्यवहार चोख हवा. युरोपातील मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेअखेरीस संपतात. जूनमध्ये जाणाऱ्याच्या वाट्याला रिकामे मैदान आणि फार तर संग्रहालय येते. दिवाळीची सुटी सोयीची खरी. पण सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग काही दिवस थांबते, त्या तारखा आधी तपासाव्यात. स्पेनमध्ये सामन्याचा आठवडा हंगामापूर्वीच जाहीर होतो. परंतु शुक्रवार ते सोमवार यांपैकी नेमका दिवस आणि वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने काही आठवडे आधीच ठरते. म्हणून त्या शहरात चार रात्री मुक्काम ठेवावा आणि रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले असून, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमाही सक्तीचा आहे. तिकीट क्लबच्या अधिकृत विक्रीतूनच घ्यावे. सान मामेस मैदानात सुमारे ५३ हजार आसने आहेत. पण त्यांतली बहुतेक सभासदांची असतात. मिळाले नाही, तर दलालाच्या नादी लागू नये. लहान सामना निवडावा. इंग्लंडमध्ये तर फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत पुनर्विक्री हा १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. स्पेनमधील सामना रात्री नऊलाही सुरू होऊ शकतो, तेव्हा आजी-आजोबांचे जेवण आणि विश्रांती यांचा विचार आधी करावा.

या साऱ्या धावपळीत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. बिल्बाओला निघालेल्या या मुलाने कोल्हापूरचे शाहू स्टेडियम पाहिले आहे काय? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे त्याच्या कानावर आहेत काय? पेठापेठांतील तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही जोपासला. पेठेचा संघ मैदानात उतरला की आबालवृद्ध कट्ट्यावर जमतात, हरल्यावर दोन दिवस बोलत नाहीत आणि पुढच्या सामन्याला पुन्हा हजर होतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. जे बिल्बाओत पाहायला जायचे, त्याचे बीज चार-सहा तासांच्या एस. टी. प्रवासावर आहे.

म्हणून परदेशी जाण्याआधी एखाद्या रविवारी सारे कुटुंब कोल्हापूरला जाऊन यावे. उन्हात बसावे, शेजारच्याला संघाचा इतिहास विचारावा. सामना कसा पाहावा आणि गाव कसे वाचावे, हे ज्याला तेथे उमगेल, त्याचे बिल्बाओचे पैसे वाया जाणार नाहीत. सान मामेसवर प्रथमच येणाऱ्या पाहुण्या संघाचा कर्णधार पिचिची या जुन्या खेळाडूच्या अर्धपुतळ्यापाशी फुले वाहतो. परक्याच्या अंगणात पाऊल टाकताना आधी नमस्कार करावा, ही रीत आपल्याकडील आजोबांना नवी नाही. नातवाचा हात धरून ते तेथे उभे राहिले, तर कपाळावरची आठी कदाचित तेथेच मावळेल.