ओळखीचं वाजव की!

परवा शनिवारी रंकाळ्याजवळ एका मित्राच्या गच्चीवर चार पोरं गिटार घेऊन बसली होती. त्यातल्या एकानं स्वतः केलेलं गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला मागून आरोळी आली, "भावा, ओळखीचं वाजव की!" आरोळी ठोकणारा कोण? अस्मादिकच. पोरानं निमूटपणे सिनेमातलं गाणं घेतलं, आम्ही टाळ्या पिटल्या. रात्री मात्र डोक्यातून ते जाईना.

कारण मी कॅसेटच्या जमान्यातला 'रॉक मशीन'चा पंखा. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे मंडळींचा हा मुंबईचा बँड, 1984 सालचा. तेव्हा आपल्याकडे रॉक बँड म्हणजे कॉलेज फेस्टिवलात गोऱ्यांची गाणी जशीच्या तशी वाजवणारी पोरं. यांनी 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि 1990 मध्ये दुसरा, 'द सेकंड कमिंग'. माझ्या मते दुसरा अल्बम हीच खरी परीक्षा. पहिला हौसेनं निघतो, दुसऱ्याला हट्ट लागतो.

यावर आमच्या मित्रमंडळींचं ठरलेलं वाक्य: "इंग्रजीच ऐकायचं तर मूळ गोऱ्यांचं ऐकू की." बरं. मग हीच पोरं 'डीप पर्पल' वाजवतात तेव्हा का नाचता? म्हणजे नक्कल चालते, स्वतःचं चालत नाही. हा कसला लॉजिक? पुढे 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला 1993 मध्ये एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मग काय, सगळ्यांनाच अभिमान! बाहेरचा शिक्का बसल्याशिवाय आपले कान उघडतच नाहीत.

त्याच सुमारास बँडचं नाव 'इंडस क्रीड' झालं. तिसरा अल्बम 1995 चा, चौथा थेट 2012 चा. मध्ये सतरा वर्षं. बँड केवळ श्रोत्यांमुळे थांबला असं मी म्हणत नाही. पण श्रोता म्हणून आपण काय केलं, हे विचारायला नको?

आणि हे आपल्या कोल्हापुरात? मूळचा आवाज गेल्यावर नवी गायकी घडवणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथे आश्रय दिला. त्या दरबारात कुणी "ओळखीचं गा" म्हणून ओरडलं असतं तर?

असो. काल त्या पोराला फोन करून गाणं मागवलं. दोनदा ऐकलं. दुसरं कडवं जरा रटाळ आहे, तेही सांगितलं. पण या वेळी पूर्ण ऐकून सांगितलं.