पोपट पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा, कणसावर पडला तर काय?

चिकलठाणा : गावाभोवती आता कारखाने आणि प्लॉटिंग जास्त. तरी ज्वारी हुरड्यात आली की पोपटांचे थवे पडतातच. खातात थोडं, पाडतात जास्त. गोफण म्हणा, पत्र्याचा डबा म्हणा, चमकीची पट्टी म्हणा, चार दिवसांत पाखरं सगळ्याला सरावतात. माळ्यावर बसून राखण करायला माणूस मिळत नाही.

हा आपला साधा राघू. गळ्यातला गुलाबी-काळा कंठ फक्त नराला असतो. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून त्याचं नाव अनुसूची दोनमध्ये आहे. पकडला, विकला, पाळला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

तरी पिल्लं विकली जातातच. उन्हाळ्याच्या तोंडाला पोपट जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ढोली बहुधा सुतारपक्ष्यानं नाहीतर तांबटानं कोरलेली असते. पिल्लं काढणारे तिचं तोंडच फोडतात, मग पुढच्या वर्षी तिथं कोणतंच पाखरू बसत नाही. त्यात रस्त्याकडेचे जुने वड-लिंबही तुटत चाललेत.

शेतकऱ्याचं गाऱ्हाणंही खोटं नाही. नुकसानभरपाईच्या शासन निर्णयात रानडुक्कर, हरीण, रोही यांची नावं घेतली, पोपटाचं नाही. मग पंचनामा कशाच्या आधारावर मागायचा? हा ठराव ग्रामसभेनं घेऊन आमदारांकडं लावून धरायला पाहिजे. राग म्हणून विष ठेवलं तर केस आपल्यावरच होते.

पिल्लं विकणारा दिसला तर वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे.